कसब्याचे पंचांग आणि सेरेंगेटीचे गवत

पूर्व आफ्रिकेच्या सफारीतला सर्वांत गाजलेला देखावा म्हणजे विल्डबीस्टांच्या कळपांनी मारा नदी ओलांडणे. तो ऐन भरात असतो ऑगस्ट-सप्टेंबरात. आणि कसबा पेठेतला माणूस भाद्रपदात पुणे सोडत नाही! मानाचा पहिला गणपती आपल्या पेठेत, विसर्जन मिरवणुकीत पहिला मान त्याचा, घरी पाहुण्यांची वर्दळ. अशा वेळी ‘आम्ही केनियात होतो’ हे सांगायला तोंड कुठले? मग सहल जाते मे महिन्यात नाही तर दिवाळीत, आणि पाहायचे ठरवलेले प्राणी त्या वेळी भलत्याच ठिकाणी असतात.

आपल्याकडे सहलीच्या चौकशीचे प्रश्न ठरलेले आहेत. सिंह दिसेल का, शाकाहारी जेवण मिळेल का, माणशी किती पडतील? तिन्ही रास्त आहेत. पण सगळी सफारी ज्या गोष्टीवर उभी आहे, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही: आपण जाऊ तेव्हा तिथे पाऊस कुठे झालेला असेल? पूर्व आफ्रिकेत पावसामागे गवत येते, गवतामागे चरणारे आणि चरणाऱ्यांमागे खाणारे. हा क्रम समजला की कोणत्या महिन्यात कोणते उद्यान गाठायचे आणि कोणत्या लॉजवर राहायचे, हे आपले आपल्याला ठरवता येते.

पुणे जिल्ह्याएवढे कुरण

आधी आकाराचा अंदाज घेऊ. टांझानियातले सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे आहे. आपला पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटरचा. म्हणजे लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत आणि जुन्नरपासून भोरपर्यंत गावे, शेते, कारखाने, महामार्ग काहीही नाही, नुसते गवत आणि जनावरे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्याला उत्तरेकडून चिकटलेले केनियाचे मसाई मारा त्या मानाने लहान, सुमारे १,५१० चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून यापेक्षा थोडा मोठाच भरतो. दक्षिणेला न्गोरोंगोरोचे संरक्षित क्षेत्र ८,२९२ चौरस किलोमीटरचे. या तिघांच्या मध्ये कुंपण नाही. दोन देशांची सीमा नकाशावर आहे, जनावरांना ती ठाऊक नाही. पर्यटकांना मात्र आहे. मारातून थेट सेरेंगेटीत गाडी नेता येत नाही. दूरच्या सीमानाक्यावरून फिरून जावे लागते. ‘दोन्ही शेजारी-शेजारीच आहेत की’ असे म्हणून चार दिवसांत दोन देश उरकू पाहणाऱ्यांचा बराच वेळ रस्त्यातच जातो.

पुणे जिल्ह्याशी आणखी एक साम्य आहे. आपल्याकडे लोणावळ्याला पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेला सरकत इंदापूर-बारामतीला पोचेपर्यंत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. सेरेंगेटीतही असाच उतार आहे: आग्नेयेच्या मैदानात वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर, वायव्येला मारा नदीच्या बाजूला हजाराच्या पुढे. स्थलांतराचे सारे रहस्य या उतारात आहे.

मग प्रश्न पडतो, पाऊसपाण्याच्या उत्तरेतच जनावरे बारा महिने का राहत नाहीत? कारण भरपूर पावसाचे गवत उंच आणि राठ होते. त्यात पोषण कमी, आणि दडून बसलेली सिंहीण दिसत नाही ते वेगळेच. दक्षिणेच्या मैदानांवर न्गोरोंगोरो परिसरातल्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षे पडत आली आहे. त्यांपैकी ओल दोइन्यो लेंगाई आजही जागा आहे. या राखेच्या मातीखाली चुन्याचा कठीण थर तयार झाला, त्यामुळे झाडांची मुळे खोल जात नाहीत आणि मैदान उघडे राहते. वर उगवते ते आखूड, कोवळे गवत; त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दूध पाजणाऱ्या मादीला आणि हाडे धरणाऱ्या पिल्लाला हेच हवे असते. पण पाऊस संपला की या मैदानावर पिण्याचे पाणीही उरत नाही. दक्षिणेत जेवण उत्तम पण मोजके महिने, उत्तरेत पाण्याची ददात नाही पण चारा हलका. म्हणून फेरी, दरवर्षी, न चुकता.

फेरीत विल्डबीस्ट एकटे नसतात. झेब्रे असतात, थॉमसन गझेल असतात. तिघेही गवतच खातात, तरी त्यांचे फारसे भांडण होत नाही. झेब्र्याचे पचन रवंथ करणाऱ्यांपेक्षा झटपट चालते, त्यामुळे उंच, काडीसारखे गवत तो भराभर खाऊन निभावतो. वरचा राठ भाग निघाला की विल्डबीस्टाला पानांचा थर मिळतो. आणि सगळे पुढे गेल्यावर जे कोवळे फुटवे येतात, ते गझेलचे. पंगती उठाव्यात तसे हे कळप एकामागून एक त्याच कुरणावर बसतात.

विल्डबीस्ट किती? विमानातून केलेल्या मोजण्यांवरून गेली कित्येक वर्षे सुमारे १३ लाख हा आकडा सांगितला जातो. उपग्रहांची छायाचित्रे संगणकाकडून तपासून घेणाऱ्या अलीकडच्या मोजणीत तो निम्म्याहून कमी निघाला आणि अभ्यासकांत चर्चा सुरू झाली. कोणताही आकडा धरला तरी जमिनीवर चालत स्थलांतर करणाऱ्या मोठ्या प्राण्यांचा एवढा जमाव जगात फार थोड्या ठिकाणी उरला आहे.

सुट्ट्यांचा आणि कळपांचा मेळ

आता आपले पंचांग समोर ठेवू.

नाताळची सुट्टी ते महाशिवरात्र: कळप दक्षिणेला, न्दुटूच्या आसपासच्या आखूड गवतावर असतात. फेब्रुवारीच्या सुमारास पिल्ले जन्मतात, आणि त्यांतली बहुतेक दोन-तीन आठवड्यांत. हा योगायोग नव्हे. तरस, सिंह, चित्ते यांची भूक काही आठवड्यांत दसपट होत नाही. सगळी पिल्ले एकदम आली तर त्यांतली बरीच वाचतात, पुढे-मागे जन्मलेली मात्र हमखास जातात. हे जवळून बघण्यासारखे असते. मादी कळपातच आडवी होते, बहुधा सकाळच्या वेळी. पिल्लू जमिनीवर पडते, उठताना दोनदा-तीनदा कोलमडते, आणि सहा-सात मिनिटांत चार पायांवर उभे असते. थोड्याच वेळात ते आईच्या कुशीला लागून धावू लागते. या काळात ज्याने आईची पाठ सोडली त्याची धडगत नसते. चुकलेले पिल्लू दिसेल त्या हलत्या वस्तूमागे जाते, कधी कधी चक्क पर्यटकांच्या गाडीमागे. शाळेत जाणारी मुले घरात नसतील, तर पुणेकरांसाठी फेब्रुवारीसारखा महिना नाही: गणपती नाही, परीक्षा नाही, थंडी संपत आलेली.

मेची सुट्टी: मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस. स्वाहिलीत त्याला ‘मासिका’ म्हणतात. कळप या काळात सेरेंगेटीच्या मध्यातून वायव्येकडे सरकत असतात. मारात ते अजून पोचलेले नसतात. माराची जमीन बऱ्याच ठिकाणी आपल्या काळ्या मातीची सख्खी बहीण. ओली झाली की गाडीची चाके जागच्या जागी फिरतात. काही तंबूंचे कॅम्प एप्रिल-मेत बंदच ठेवतात. उरलेल्यांचे दर उतरतात, गर्दी नसते, हिरवाई डोळ्यांत भरते. सिंह, हत्ती, जिराफ, तरस हे मारात बारमाही आहेत, ते दिसतीलच. पण मेमध्ये जाऊन ‘नदी ओलांडताना बघायचे होते’ म्हणून हळहळण्यात अर्थ नाही.

जुलै ते सप्टेंबर: कळप उत्तर सेरेंगेटीत आणि मारात. याच काळात ताडोबाचा गाभा पावसामुळे बंद असतो, हे जंगलवेड्या मराठी माणसाच्या सोयीचेच. नदीकाठचा तमाशा मात्र धीर पाहणारा आहे. हजारो जनावरे काठावर येतात, पुढची पाण्याकडे बघतात, मागची रेटतात. एखादा झेब्रा उतरतो, पाणी हुंगतो आणि परत फिरतो. तास जातात. मग कोणीतरी एक उडी घेते आणि पुढच्या काही मिनिटांत सगळा काठ पाण्यात उतरतो. चित्रफितींत आपण मगरींचे जबडेच बघतो, पण मगरींनी मारलेल्यांपेक्षा चेंगराचेंगरीत आणि प्रवाहात बुडालेल्यांची संख्या कितीतरी मोठी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वर्षाला सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट मारा नदीत बुडतात असे दाखवले. ते वाया जात नाहीत. मांस गिधाडे, मगरी आणि मासे खातात, आणि हाडे पुढची काही वर्षे पाण्यात फॉस्फरस सोडत राहतात.

दिवाळी: ऑक्टोबरच्या शेवटी ‘वुली’ हा छोटा पाऊस सुरू होतो आणि कळप दक्षिणेची वाट धरतात. दिवाळी लवकर आली तर मारात शेपूट सापडते, उशिरा आली तर उत्तर-मध्य सेरेंगेटीत शोधावे लागते. कसब्यातल्या कुटुंबाला मुलांच्या शाळा आणि गणपती दोन्ही सांभाळून जमणारा हा सर्वांत बरा मध्यममार्ग.

जूनचा वारा आणि चातक

आपला मान्सून भरात असतो तेव्हा केनिया-टांझानियात कोरडा काळ कसा? समुद्र एकच, मग पाऊस एकीकडेच का? याचे उत्तर वाऱ्यात आहे. जून ते सप्टेंबर दक्षिण गोलार्धातून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडताना पूर्व आफ्रिकेच्या उंच पठाराला अडतो आणि किनाऱ्याला समांतर, अरुंद पट्ट्यातून जोरात वाहतो. फिन्डलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात त्याचा माग काढला, म्हणून त्याला फिन्डलेटर जेट म्हणतात. सोमाली जेट हे त्याचे दुसरे नाव. केनियाच्या काठाने तो नुसता सरकत जातो, तिथे फारसे बरसत नाही. अरबी समुद्रावर वळून, बाष्प घेऊन तो सह्याद्रीवर आदळतो. पुण्याचे हवामान खाते, आपले शिमला ऑफिस, जून महिन्यात ज्या वाऱ्यांकडे डोळे लावून बसते, ते मोम्बासाच्या बाजूने आलेले असतात.

याच वाऱ्याच्या सोबतीने चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी मेअखेरीस-जूनमध्ये महाराष्ट्रात दिसू लागतो. २०२० साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारे यंत्र बसवून त्यांच्या वाटेचा पाठलाग केला. आपल्या कवितेतला पावसाचा हा याचक वर्षाचा मोठा भाग आफ्रिकेत काढतो.

हिंदी महासागराचे तापमान हाही दोन्हीकडचा धागा. महासागराची पश्चिम बाजू जास्त तापली आणि पूर्व बाजू गार राहिली, तर पूर्व आफ्रिकेत मुसळधार पाऊस होतो आणि आपल्या मान्सूनलाही बहुतेक वेळा हातभार लागतो. २०१९ साली असेच झाले: भारतात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला आणि वर्षाच्या शेवटी केनियात पूर आले. ओल्या वाळूत टोळांची पैदास झाली. त्यांच्या साथीने पूर्व आफ्रिका हैराण झाली आणि २०२०च्या मेमध्ये टोळधाडी इराण-पाकिस्तानमार्गे विदर्भापर्यंत आल्या.

बुळकांडीचा पुणेरी धागा

आज सेरेंगेटीत दिसणारे कळप मुळात उभे राहिले कसे, ही कथा सफारीच्या माहितीपत्रकांत नसते. ती गुरांच्या रोगाची कथा आहे, आणि तिचे एक टोक पुण्यात आहे.

बुळकांडी हा शब्द खेड्यातल्या जुन्या माणसांच्या अंगावर अजून काटा आणतो. गुरांना ताप, तोंडात फोड, अतिसार, आणि आठवड्या-दीड आठवड्यात मरण. गोठेच्या गोठे रिकामे. या रोगाच्या तडाख्यांमुळे इंग्रज सरकारने ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी सुरू केली. ती त्या वेळच्या सायन्स कॉलेजच्या आवारात होती. तेच आजचे सीओईपी, कसब्यातून संगम पुलाकडे निघाले की हाकेच्या अंतरावर. १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलली आणि पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. शेळ्यांच्या शरीरातून वाढवून सौम्य केलेली बुळकांडीची लस १९२०च्या दशकात याच मुक्तेश्वरला तयार झाली.

पुण्याची प्रयोगशाळा उभी राहत होती त्याच सुमारास बुळकांडी आफ्रिकेत उतरली. १८८७च्या आसपास आजच्या इरिट्रियाच्या किनाऱ्यावर इटलीच्या सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर ती आली. ती गुरे हिंदुस्थानातली होती असे मानले जाते. दहा वर्षांत रोग खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला. पूर्व आफ्रिकेतली दहातली नऊ गुरे मेली. ज्यांचे सारे जगणे गाईंवर त्या मसाई लोकांवर उपासमारीची पाळी आली. रानरेडे आणि विल्डबीस्टही मरू लागले, कारण विषाणूला रानटी आणि पाळीव असा भेद नव्हता. त्यानंतर अनेक दशके विल्डबीस्टांची पिल्ले पहिल्याच वर्षी याच रोगाने दगावत राहिली.

नैरोबीजवळच्या मुगुगा इथे वॉल्टर प्लॉराइट यांनी १९६०च्या सुमारास पेशींवर वाढवलेली खात्रीची लस तयार केली. सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लसी टोचल्या गेल्या आणि रोग रानातूनही हटला. रानातल्या एकाही जनावराला लस द्यावी लागली नाही. १९६१च्या मोजणीत अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांच्या पुढे गेले. त्यांनी गवत इतके खाल्ले की वणव्यांना जळायला काही उरेना. वणवे कमी झाले तशी झाडे वाढली, आणि झाडांबरोबर जिराफांचा चारा. एका लसीने अख्ख्या मैदानाचा चेहरा पालटला. भारतात बुळकांडीचा शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये सापडला. २०११ साली ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

बाकीची उद्याने

कळपांचा पाठलाग करायचा नसेल तर बाकीच्या उद्यानांचे काम वेगळे. न्गोरोंगोरो हे कोसळलेल्या ज्वालामुखीचे विवर आहे: सुमारे ६०० मीटर खोल, तळ २६० चौरस किलोमीटरचा. बारमाही पाण्यामुळे बहुतेक प्राणी आतच राहतात, काळा गेंडा दिसण्याची आशा इथे धरावी. विवराच्या काठावरचे लॉज समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या वर आहेत, म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच. तेव्हा ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ समजून स्वेटर घरी ठेवू नये.

अंबोसेली हे हत्तींसाठी. उद्यान अवघे ३९२ चौरस किलोमीटरचे, पण किलीमांजारोवर मुरलेले पाणी जमिनीखालून येऊन इथे दलदलींतून वर येते, म्हणून कोरड्या दिवसांतही हत्ती पोटापर्यंत चिखलात उभे दिसतात. सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून इथल्या हत्तींची कुळे आणि नाती नोंदवली. रानटी हत्तींचा जगातला सर्वांत दीर्घ अभ्यास तो हाच. किलीमांजारो पर्वत टांझानियात असला तरी त्याचे नामी दर्शन केनियातल्या अंबोसेलीतून होते, आणि तेही पहाटे. उन्हे वर आली की ढग शिखर झाकतात.

नाकुरू सरोवराचे नाव रोहित पक्ष्यांसाठी. खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म हिरवे-निळे शेवाळ हा लहान रोहिताचा आहार. गेल्या दीड दशकात सरोवराची पातळी वाढली, पाणी पातळ झाले, शेवाळ घटले आणि पक्षी बरेचसे बोगोरियासारख्या सरोवरांकडे गेले. जुने फोटो पाहून गेलेल्यांची निराशा होते. गेंड्यांसाठी मात्र नाकुरू अजूनही चांगले.

लॉज म्हणजे काय आणि पैसा जातो कुठे

राहण्याचे प्रकार ढोबळमानाने तीन. पक्क्या बांधकामाचे मोठे लॉज. तंबूंचे कॅम्प, ज्यांत तंबू कापडाचा असला तरी आत पलंग, शॉवर आणि गरम पाणी असते. आणि कळपांबरोबर जागा बदलणारे फिरते कॅम्प. बहुतेक लॉजना कुंपण नसते. रात्री खोलीबाहेर पडायचे तर पहारेकऱ्याला बोलवायचे, हा नियम पोकळ नाही. गवत खायला आलेला पाणघोडा पायवाटेवर उभा असू शकतो. दिनक्रम सगळीकडे सारखाच: पहाटे सहाला फेरी, उन्हात विश्रांती, चारला पुन्हा फेरी, दिवस मावळताना परत. विषुववृत्ताजवळ बाराही महिने सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि मावळतो.

आपण बुकिंग करताना लॉजचे तारे मोजतो. त्याऐवजी तो कोणाच्या जमिनीवर आहे ते विचारावे. मसाई मारा हे सरकारी राखीव क्षेत्र नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला दिवसाला वर्षाच्या पूर्वार्धात १०० आणि उत्तरार्धात २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे. त्याच्या सीमेला लागून ‘कॉन्झर्व्हन्सी’ आहेत: मसाई कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र करून पर्यटनासाठी भाड्याने दिलेली राने. जमीनमालकाला भाडे मिळते, गुरे ठराविक वेळी ठराविक जागीच चरतात, खाटांची आणि गाड्यांची संख्या बांधलेली असते. इथे रात्रीची फेरी आणि पायी भटकंतीही करता येते, जी राखीव क्षेत्रात करता येत नाही. महाग पडते खरे, पण एका चित्त्याभोवती वीस-पंचवीस गाड्यांचा गराडा बघायचा नसेल तर हाच मार्ग.

सगळे गोड नाही. न्गोरोंगोरोतून मसाई कुटुंबांना २०२२ पासून दूरच्या म्सोमेरा गावी हलवले जाते आहे, त्यावरून मोठा वाद आहे. मारातही नदीकाठी जागा मिळेल तिथे कॅम्प उठू लागले आहेत. २०२५ मध्ये एका आलिशान कॅम्पने कळपांची वाट अडवल्याचा आक्षेप न्यायालयापर्यंत गेला. नदीच्या काठावरच खोली हवी हा आपला हट्टच त्यामागे असतो, हेही लक्षात ठेवावे.

काही गोष्टी निघण्यापूर्वीच्या. केनियासाठी पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रात, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचे पिवळे कार्ड परतताना मुंबईला दाखवावे लागते, नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती टोचून घेऊ नये. हिवतापाच्या गोळ्यांचेही तेच. केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, तेव्हा चिवडा आणि बाकरवडी न्यायची ती डब्यात. गडद निळे आणि काळे कपडे टाळावेत. त्सेत्से माशी या रंगांवर झेपावते. ड्रोन घरी ठेवावा, दुर्बीण माणशी एक घ्यावी. शाकाहारींनी काळजी करू नये: चपाती, सांबुसा आणि चाय हे शब्द आणि पदार्थ पूर्व आफ्रिकेने कधीच आपलेसे केले आहेत.

इंदापूरचे माळरान

शेवटी घराजवळचे. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सुपे, बारामती, इंदापूर, हाही सव्हानाच आहे: कमी पाऊस, गवत, विखुरलेल्या बाभळी-हिवराची झाडे. इथे चिंकारा, लांडगा, तरस, खोकड आहेत. सरकारदरबारी मात्र अशी बरीच जमीन ‘पडीक’ म्हणून लागलेली असते, आणि तिच्यावर झाडे लावली, सौरपट्ट्या टाकल्या किंवा कारखाना काढला की सुधारणा झाली असे समजतात. जंगल तुटून माळ झाला ही समजूत खोटी आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली जुन्या मराठी ओव्या, कथा आणि चरित्रांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून दाखवले की पश्चिम महाराष्ट्राचा हा प्रदेश साडेसातशे वर्षांपूर्वीही उघड्या माळरानाचाच होता.

सेरेंगेटीत जे विल्डबीस्ट करतात, ते इथे धनगर करत आले आहेत. पाऊस सरला, माळावरचा चारा संपत आला की त्यांचे वाडे, म्हणजे कुटुंबांचे तांडे, मेंढरांसह घाट उतरून कोकणाकडे जातात आणि उन्हाळा सरता सरता परततात. लांडगा त्यांच्या मागे असतो, अधूनमधून एखादे कोकरू नेतो. मसाई आणि सिंहांचे जसे जमते-बिनसते, तसेच हे.

सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या बाहेरचा माळ टिकावा आणि गावकऱ्यांना चार पैसे मिळावेत म्हणून वन विभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ इथे माळरान सफारी सुरू केली आहे. कसब्यातून पहाटे निघाले तर दुपारी जेवायला घरी परत येता येते.

म्हणून पूर्व आफ्रिकेला जाण्याचे ठरत असेल, तर आधी एक सकाळ या माळावर घालवा. गाडीत गप्प बसायचे, हातवारे करायचे नाहीत, इंजिन बंद ठेवायचे आणि गवताकडे बघत राहायचे, हे सगळे इथे शिकून होते. तिकीट काढताना, ‘आम्ही येऊ त्या आठवड्यात कळप कुठे असतील?’ हा प्रश्न कंपनीला विचारा. ठाम उत्तर देणाऱ्यापेक्षा ‘पावसावर आहे, पण बहुधा इथे’ असे सांगणारा माणूस भरवशाचा. आणि परत आल्यावर आपल्या जिल्ह्यातला माळ कुठल्या कागदावर ‘पडीक’ म्हणून लागताना दिसला, तर ग्रामसभेत किंवा हरकतीच्या मुदतीत तोंड उघडा. तिथल्या मैदानासाठी दिवसाला दोनशे डॉलर मोजणाऱ्याने इथल्या मैदानासाठी एक अर्ज करायला हरकत नसावी.